चीवरदान थांबले त्या महिन्यातले दोन गोल

३० ऑक्टोबर २०२४. काठमांडूचे दशरथ रंगशाला मैदान. दक्षिण आशियाई महिला फुटबॉल अजिंक्यपद, म्हणजे ‘सॅफ’ स्पर्धेचा अंतिम सामना. एका बाजूला यजमान नेपाळ, दुसऱ्या बाजूला बांगलादेश. मैदान नेपाळी प्रेक्षकांनी खच्चून भरलेले. उत्तरार्ध सुरू होताच बांगलादेशचा पहिला गोल झाला, तो केला मोनिका चाकमाने. काही मिनिटांतच नेपाळच्या अमिषा कार्कीने बरोबरी साधली. शेवटची दहा मिनिटे राहिली असताना बांगलादेशचा दुसरा गोल झाला, तो केला ऋतुपर्णा चाकमाने. सामना २-१ असा संपला. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ऋतुपर्णा चाकमा. सर्वोत्तम गोलरक्षक रूपना चाकमा.

चाकमा कोण, हे आमच्या बऱ्याच समाजबांधवांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. बांगलादेशच्या आग्नेय कोपऱ्यात चितगाव डोंगरी प्रदेश आहे. रांगामाटी, खागराछडी आणि बांदरबन हे तिथले तीन जिल्हे. त्या डोंगरांत शतकानुशतके राहणारे हे आदिवासी लोक थेरवादी बौद्ध आहेत. म्हणजे त्या रात्री काठमांडूत ज्या दोन पायांनी चषक जिंकला आणि ज्या दोन हातांनी तो राखला, ते सगळे बौद्ध मुलींचे होते.

आता त्याच महिन्याच्या सुरुवातीला जाऊ. ऑक्टोबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात चितगाव डोंगरी प्रदेशातील भिक्खूसंघाने जाहीर केले की, सुरक्षिततेची खात्री नसल्यामुळे यंदा कठीण चीवरदान होणार नाही. वर्षावास संपल्यानंतर आश्विन पौर्णिमा ते कार्तिक पौर्णिमा या काळात उपासक भिक्खूंना चीवर देतात. तिकडच्या पद्धतीत तर कापूस पिंजण्यापासून चीवर शिवण्यापर्यंतचे सगळे काम एका दिवसरात्रीत पुरे करतात, गावच्या गाव जागते. तो विधी भिक्खूंनी स्वतःहून थांबवला. का थांबवला? सप्टेंबरमध्ये खागराछडीच्या दिघीनाला बाजारात आदिवासींची दुकाने जाळली गेली, खागराछडी आणि रांगामाटी या दोन जिल्ह्यांत किमान चार माणसे मेली आणि रांगामाटीत बुद्धविहारावरही हल्ला झाला. एका बंगाली माणसाला मोटरसायकल चोरीच्या संशयावरून जमावाने मारले, हे निमित्त होते. तो खून निंद्यच होता. पण त्याची शिक्षा एका संपूर्ण समाजाला, त्याच्या दुकानांना आणि त्याच्या विहाराला मिळाली. ही पद्धत आपल्याला नवी नाही. गावकुसाबाहेरच्या कुणा एकावर संशय आला की सगळा वाडा पेटतो, हे मराठवाड्याला शिकवायची गरज नाही.

म्हणजे ज्या महिन्यात चाकमा भिक्खूंना चीवर स्वीकारणेही धोक्याचे वाटले, त्याच महिन्यात चाकमा मुली ‘राष्ट्राचा’ चषक घेऊन ढाक्याला उतरल्या. विमानतळावर हार, रस्त्यावर जल्लोष. हे दोन्ही एकाच देशात, एकाच महिन्यात आणि एकाच समाजाच्या वाट्याला आले. या लेखात मला त्याबद्दलच बोलायचे आहे. कारण खेळाने माणसे जोडली जातात, खेळात जात नसते, धर्म नसतो, मैदानावर सगळे सारखे, ही भाषणे मी गेली दहा वर्षे वस्त्यांतल्या बक्षीस समारंभांत ऐकत आले आहे. ती देणारे लोक बक्षीस वाटून झाल्यावर कुठे जातात आणि कुणाकडे पाणी पितात, तेही पाहत आले आहे.

या पोरींची घरे कुठे आहेत ते आधी पाहू. रूपना चाकमा रांगामाटीतील नानियारचरची. हा तालुका कप्ताई जलाशयाच्या काठावर येतो. पाकिस्तानच्या काळात कर्णफुली नदीवर विजेसाठी धरण बांधले, ते १९६२ मध्ये पूर्ण झाले. सुमारे ५४ हजार एकर शेतजमीन पाण्याखाली गेली. डोंगरातल्या एकूण कसदार जमिनीपैकी ही जवळजवळ ४० टक्के. एक लाखाच्या आसपास माणसे उठवली गेली, त्यातले बहुतेक चाकमा. खुद्द चाकमा राजाचा वाडाही बुडाला. वीज खाली सपाटीवर गेली आणि अंधार वर डोंगरात राहिला. कोयना, सरदार सरोवर ही नावे माहीत असलेल्या वाचकाला यापुढचे सांगायला नको.

त्याच्याही आधी फाळणी झाली. १९४७ मध्ये या प्रदेशातली ९७ टक्क्यांच्या आसपास वस्ती बिगरमुस्लिम होती, तरी रॅडक्लिफ साहेबांनी तो पूर्व पाकिस्तानला दिला. १५ ऑगस्टला रांगामाटीत लोकांनी भारताचा तिरंगा फडकावला होता. तो काही दिवसांनी पाकिस्तानी फौजेने उतरवला. दिल्लीने त्यांच्याकडे वळून पाहिले नाही. पुढे बांगलादेश स्वतंत्र झाला. भाषेच्या अस्मितेसाठी रक्त सांडून तो देश जन्मला, म्हणून आपल्याकडच्या पुरोगाम्यांना त्याचे अप्रूप आहे, आणि ते असायलाही हरकत नाही. पण १९७२ मध्ये त्या देशाची घटना होत असताना नागरिकांना ‘बंगाली’ म्हणून ओळखले जाईल असे कलम आले, तेव्हा मानवेंद्र नारायण लार्मा नावाचा एक चाकमा प्रतिनिधी सभागृहात उभा राहिला. मी चाकमा आहे, माझा बाप-आजा कुणी बंगाली नव्हता, बांगलादेशचा नागरिक म्हणून मला अभिमान आहे पण बंगाली म्हणवून घेणार नाही, अशी त्याची भूमिका होती. त्याचे कुणी ऐकले नाही आणि त्याने सभात्याग केला. २०११ च्या दुरुस्तीनंतरही त्या घटनेत जनता ‘राष्ट्र म्हणून बंगाली’च आहे, फक्त नागरिकत्वापुरते ‘बांगलादेशी’ हा शब्द आला. आदिवासी हा शब्द तर त्या राज्यव्यवस्थेला आजही चालत नाही. २०२५ च्या जानेवारीत एका पाठ्यपुस्तकाच्या मलपृष्ठावर ‘आदिवासी’ हा शब्द होता, तो काढून टाकला गेला आणि त्याविरुद्ध ढाक्यात निदर्शने करणाऱ्या आदिवासी विद्यार्थ्यांना रस्त्यावर मारहाण झाली.

बाबासाहेबांनी घटना समितीपुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी केलेल्या भाषणात बंधुतेवर एवढा भर का दिला, ते लार्मांच्या या प्रसंगावरून नीट कळते. नुसती घटना लिहून राष्ट्र होत नाही. बहुसंख्याकांनी आपल्या नावाचे लेबल सगळ्यांना चिकटवले म्हणूनही ते होत नाही. जाती राष्ट्रविरोधी आहेत, असे बाबासाहेब त्याच भाषणात म्हणाले होते. आज ‘राष्ट्रविरोधी’ हा शब्द नेमका उलट्या दिशेने फेकला जातो, तो भाग वेगळा.

लार्मांनंतर डोंगरात वीस वर्षे बंदुका चालल्या. लाखो बंगाली कुटुंबीयांना सरकारने खालून आणून डोंगरात वसवले. २ डिसेंबर १९९७ रोजी शांतता करार झाला. जमिनीचा प्रश्न त्यात लिहिला गेला आणि कागदावरच राहिला.

आता या पार्श्वभूमीवर २०२२ ची गोष्ट ऐका. त्या वर्षी १९ सप्टेंबरला बांगलादेशच्या मुलींनी याच काठमांडूत नेपाळला ३-१ हरवून पहिल्यांदा सॅफ जिंकली. अंतिम सामन्याआधी सानजिदा अख्तर या खेळाडूने फेसबुकवर लिहिले होते की, उघड्या बसमधून मिरवणूक निघाली नाही तरी चालेल. ते वाचून देश हेलावला आणि रातोरात एका दुमजली बसचे छप्पर कापून मुलींसाठी उघडी बस तयार झाली. छान झाले. मलाही तो व्हिडिओ पाहताना डोळ्यांत पाणी आले, खोटे कशाला बोलू. पण त्याच आठवड्यात सर्वोत्तम गोलरक्षक ठरलेल्या रूपनाच्या घराचा फोटो फिरू लागला. मोडके, गळके घर. मग थेट पंतप्रधान शेख हसीना यांचा आदेश निघाला की रूपनाला घर बांधून द्या. सगळीकडे वाहवा झाली.

मला विचारायचे आहे की, ५४ हजार एकर जमीन बुडवल्यावर एक घर बांधून दिले, तर हिशोब कोणत्या गणिताने जुळतो? रूपनाने गोल अडवले नसते तर ते घर गळतच राहिले असते, आणि तिच्या शेजारणीचे तर आजही गळत असेल, कारण तिला फुटबॉल खेळता येत नाही. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही ‘प्रतीकात्मक समावेशन’ असा जड शब्द शिकलो. साध्या मराठीत सांगायचे तर, एकाला ताटावर बसवायचे आणि त्याचा फोटो काढून बाकीच्यांना दाराबाहेर ठेवायचे. नागरिकाला घर हक्काने मिळते. या मुलीला ते बक्षीस म्हणून मिळाले, आणि बक्षीस देणारा हात उद्या आखडतो. २०२३ मध्ये तो आखडलाही. ऑलिंपिक पात्रता फेरीसाठी म्यानमारला जायचे होते, तेव्हा पैसे नाहीत असे सांगून त्यांच्याच फुटबॉल महासंघाने या चॅम्पियन संघाला पाठवले नाही. छप्पर कापायला पैसे होते, विमानाच्या तिकिटाला नव्हते.

तरी या मुली थांबल्या नाहीत. २ जुलै २०२५ रोजी यांगूनमध्ये त्याच म्यानमारला त्यांनी २-१ हरवले, बांगलादेशच्या महिला पहिल्यांदाच आशिया चषकाला पात्र ठरल्या. दोन्ही गोल पुन्हा ऋतुपर्णा चाकमाचे. पुन्हा जल्लोष झाला. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये खागराछडीत एका मारमा शाळकरी मुलीवर सामूहिक बलात्कार झाल्याच्या आरोपानंतर आदिवासी रस्त्यावर उतरले, तेव्हा गुईमारा येथे तीन मारमा तरुण मारले गेले. मारमाही बौद्धच. राष्ट्रीय संघातून खेळलेल्या आनाई आणि आनुचिंग मोगिनी या जुळ्या बहिणी याच खागराछडीच्या, मारमा समाजाच्या. एका मारमा मुलीच्या गोलाला टाळ्या पडतात आणि दुसऱ्या मारमा मुलीसाठी न्याय मागितला की गोळ्या मिळतात. मैदानावर सगळे सारखे असतात म्हणे. नव्वद मिनिटे असतीलही. उरलेल्या वेळाचे काय?

इथपर्यंत वाचून काही मंडळी खूश झाली असतील. बघा, आम्ही सांगतच होतो, बांगलादेशात अल्पसंख्याकांचे काय हाल आहेत! २०२४ च्या ऑगस्टपासून आपल्याकडच्या समाजमाध्यमांवर बांगलादेशातील अल्पसंख्याकांसाठी अश्रूंचा महापूर आला होता. त्यांना माझे दोन प्रश्न आहेत.

पहिला. कप्ताईने उठवलेले हजारो चाकमा १९६४ पासून भारतात आले आणि सरकारने त्यांना तेव्हाच्या नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात वसवले. त्यांना संरक्षण द्या, त्यांच्या नागरिकत्वाचे अर्ज पुढे पाठवा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले. २०१५ मध्ये पुन्हा सांगितले, तीन महिन्यांची मुदत घालून दिली. साठ वर्षे झाली. त्यांच्या तिसऱ्या पिढीचा जन्म भारतात झाला, तरी नागरिकत्वाचा प्रश्न लोंबकळतोच आहे. अरुणाचलातील मूळ जमातींचीही आपल्या जमिनीबद्दल भीती आहे, ती मी खोटी म्हणत नाही. पण दिल्लीने त्यांना तिथे नेऊन बसवले आणि हात झटकले. तुमच्या अश्रूंपैकी चार थेंब या चाकमांसाठी कधी पडले? की अल्पसंख्याक सीमेपलीकडे असला तरच त्याची कणव येते, आणि इकडे आला की तो घुसखोर होतो?

दुसरा प्रश्न पुरुषांच्या सॅफचा आहे. १९९३ मध्ये लाहोरला सुरू झालेली ही स्पर्धा भारताने नऊ वेळा जिंकली. नववे विजेतेपद ४ जुलै २०२३ रोजी बंगळुरूच्या कंठीरव मैदानावर आले, कुवेतला पेनल्टीवर हरवून. (कुवेत शेजारी कसा, असे विचारू नका. त्या वर्षी पाहुणे म्हणून कुवेत आणि लेबनॉनला बोलावले होते. शेजारी पाकिस्तानच्या संघाला मात्र व्हिसा इतका उशिरा मिळाला की खेळाडू सामन्याच्या दिवशीच शहरात पोचले आणि संध्याकाळी ४-० हरले. त्या विजयावर आपल्या वाहिन्यांनी जे ढोल वाजवले ते मला ओशाळवाणे वाटले.) तर त्या अंतिम सामन्यानंतर जॅक्सन सिंग हा मणिपूरचा खेळाडू मैतेई समाजाचा सप्तरंगी झेंडा अंगावर घेऊन पदक घ्यायला गेला. ३ मे पासून मणिपूर जळत होते. दोन महिन्यांत देशाच्या पंतप्रधानांनी त्यावर तोंड उघडले नव्हते. २२ वर्षांच्या पोराने आपल्या परीने लक्ष वेधले. झाले! ज्या लोकांनी पाच मिनिटांपूर्वी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या त्यांनीच त्याला फुटीरतावादी ठरवले. कुणाला दुखवायचे नव्हते, शांतता हवी एवढेच म्हणायचे होते, असा खुलासा त्याला करावा लागला.

माझी अडचण इथे वेगळीही आहे, ती लपवत नाही. त्या संघर्षात कुकी समाजाच्या बायकांवर काय बेतले ते आपण सगळ्यांनी पाहिले, आणि एका बाजूचा झेंडा दुसऱ्या बाजूला कसा दिसत असेल याचा विचार त्या पोराने केला असेल का, हे मला माहीत नाही. पण त्याच्यावर तुटून पडलेल्यांना कुकींची चिंता नव्हती. त्यांना तिरंग्याशिवाय दुसरा रंग दिसला याचा राग आला. त्यांना मणिपूरचे पाय हवेत, मणिपूरचे तोंड नको. महिलांच्या राष्ट्रीय फुटबॉलमध्ये मणिपूरने वीसहून अधिक वेळा विजेतेपद मिळवले आहे. ओइनाम बेमबेम देवी, बाला देवी ही नावे नसती तर भारताने महिलांची पहिली पाच सॅफ कशी जिंकली असती ते मला कुणीतरी सांगावे. ढाक्याला चाकमा पाय हवेत, चाकमा नाव नको. दिल्लीचा हिशोब याहून वेगळा नाही.

आता आपल्या अंगणात येऊ. खेळात जात नसते म्हणणाऱ्याला पळवणकर बाळू आठवावेत. इंग्रजांच्या पुण्यात खेळपट्टी राखता राखता गोलंदाज झालेला हा चांभार तरुण. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. हिंदूंच्या संघाला त्याची डावखुरी गोलंदाजी हवी होती, पण पुण्यात चहाच्या वेळी त्याला मातीचे वेगळे भांडे आणि बाहेरची जागा. कर्णधारपद त्याला कधीच मिळाले नाही, ते पुढे १९२३ मध्ये त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळाले, तेही बरीच भांडणे झाल्यावर. याच बाळूंना १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. आधी वेगळे भांडे द्यायचे आणि मग आपल्याच माणसाविरुद्ध वापरायचे, हा जुना डाव आहे. बाबासाहेब ती निवडणूक जिंकले.

हे शंभर वर्षांपूर्वीचे झाले म्हणाल, तर ऑगस्ट २०२१ घ्या. टोकियो ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी पहिली भारतीय महिला हॉकीपटू वंदना कटारिया. उपांत्य सामना हरल्यावर हरिद्वारजवळ तिच्या घरासमोर फटाके वाजले, जातीवरून शिवीगाळ झाली, संघात दलित जास्त झाले म्हणून हरलो असे म्हटले गेले, अशी तक्रार तिच्या कुटुंबाने केली आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला. जिंकली तेव्हा ती भारताची लेक होती. हरली त्या संध्याकाळी जात शोधून काढली.

पण मित्रहो, केवळ दुसऱ्यांना धारेवर धरून लेख संपवला तर तो खोटा ठरेल. म्हणून आता आपले.

या चाकमा आणि गारो मुली पुढे आल्या कशा? आभाळातून पडल्या नाहीत. बांगलादेश सरकारने २०११ च्या सुमारास प्राथमिक शाळांतील मुलींसाठी देशभर फुटबॉल स्पर्धा सुरू केली. सरकारी शाळा, गाव, तालुका, जिल्हा, असा वर चढत जाणारा जिना. मैमनसिंगच्या कलसिंदूर नावाच्या सीमेवरच्या खेड्यातील सरकारी प्राथमिक शाळा त्यातून चमकली आणि त्या एका गावातून राष्ट्रीय संघाला अनेक मुली मिळाल्या, त्यात मारिया मांडा ही गारो आदिवासी मुलगी. रांगामाटीच्या घागड़ा येथील शाळेतून रूपना, ऋतुपर्णा, मोनिका आणि त्या मोगिनी बहिणी पुढे आल्या. कुणा उद्योगपतीच्या अकादमीने त्यांना घडवलेले नाही. सरकारी शाळा, एखादा धडपड्या मास्तर आणि दरवर्षी नेमाने होणारी स्पर्धा, एवढ्यावर हे उभे राहिले. गुणवत्तेच्या नावाने आरक्षणाला नाक मुरडणाऱ्यांनी हे नीट वाचावे. गुणवत्ता डोंगरातही होती, जिना नव्हता. तो बांधल्यावर बारा वर्षांत खेळाडू वर पोचल्या. आणि आपल्याकडे काय चालले आहे? कमी पटाच्या म्हणून सरकारी शाळा बंद करायच्या, समूह शाळा काढायच्या. ज्या शाळेला मैदान आहे तीच मिटवून टाकायची.

तिथेही सगळे सुरळीत नाही. जानेवारी २०२५ मध्ये जयपूरहाट जिल्ह्यात मुलींचा सामना होणार म्हणून धर्माच्या ठेकेदारांनी मैदानाचे कुंपण मोडले आणि सामना रद्द करावा लागला. मुलींनी अर्धी चड्डी घालून धावणे त्यांना बघवत नव्हते. ती बातमी मी आमच्या वस्तीतल्या एका बैठकीत वाचून दाखवली, तेव्हा सगळ्यांनी मान हलवली. किती मागासलेले लोक!

त्याच वस्तीतली ही गोष्ट. आमच्या विहाराला लागून मोकळी जागा आहे. तिथे मी आणि एक ताई संध्याकाळी पंधरा-सोळा मुलींना फुटबॉल खेळवतो. शिकवतो म्हणणे जास्त होईल, चेंडू पुरवतो आणि शिट्टी वाजवतो. दोन वर्षे झाली. पाचवी-सहावीच्या मुली होत्या तोवर सगळे कौतुकाने बघत होते. त्या आठवीत गेल्या आणि समितीतले एक काका मला म्हणाले, “ताई, खेळ चांगलाच आहे, पण पोरी आता मोठ्या झाल्या. विहारासमोर असे कपडे बरे दिसत नाहीत. आणि पाच वाजता मुलांना जागा लागते.” मुले तिथे क्रिकेट खेळतात. त्यांच्या कपड्यांवर कुणाचा आक्षेप नाही. त्यातली दोन उघड्या अंगाने खेळतात.

मी काकांशी भांडले नाही. त्यांनी उभे आयुष्य चळवळीत घातले आहे, नामांतराच्या वेळी लाठ्या खाल्ल्या आहेत, त्यांचा आदर आहे. पण रात्री झोप लागली नाही. जयपूरहाटच्या मैदानाचे कुंपण मोडणारे आणि आमचे काका यांच्यात फरक आहे, हे मला कळते. एकाने काठी उचलली, दुसऱ्याने आवाजही चढवला नाही. मुलींच्या बाजूने मात्र निकाल एकच लागला, खेळ बंद. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या माणसाचा फोटो त्या भिंतीवर आहे आणि त्या भिंतीसमोर मुलींच्या पायांची चर्चा चालते. ब्राह्मणी व्यवस्था बाहेरून येऊन आपल्याला छळते हे खरे. ती आपल्या ओट्यावर येऊन पाणीही पिऊन जाते, हेही खरे आहे.

काही कार्यकर्ते म्हणतात, संविधानावर एवढी संकटे असताना फुटबॉल कसले घेऊन बसलात? मी त्यांना एवढेच विचारते, १४ एप्रिलला डीजेवर जो खर्च होतो त्यातून किती चेंडू येतील? हिशोब मी केला आहे, सांगत नाही, भांडण होईल. आणि आपल्यातल्या किती जणांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये चितगावच्या भिक्खूंसाठी एक निषेधाचा ठराव तरी केला? त्या वर्षी १२ ऑक्टोबरला अशोक विजयादशमी होती. लाखो लोक दीक्षाभूमीवर होते, मीही होते. पुस्तकांचे स्टॉल पाहिले, ओळखीचे भेटले, पंचशील म्हटले. डोंगरातल्या भिक्खूंचे चीवरदान थांबल्याची बातमी त्याआधी आठवडाभर फिरत होती. मी ती वाचली होती, आणि माझ्याही तोंडून त्या दिवशी तिचा उल्लेख झाला नाही. श्रीलंका, थायलंड, जपान येथून पाहुणे आले की आपण हार घेऊन उभे राहतो. ज्या बौद्धांची घरे जळतात, जे आपल्यासारखेच जमिनीवरून उठवलेले आहेत, त्यांचे नावसुद्धा आपल्याला फुटबॉलमुळे कळावे लागते. धम्मबंधू म्हणायचे ते फक्त श्रीमंत देशांतल्यांनाच का?

३० ऑक्टोबरच्या त्या रात्री मी वस्तीतल्या सहा मुलींसोबत एका फोनवर तो सामना पाहिला. दिवाळीचे दिवस होते, बाहेर फटाके वाजत होते, नेट मध्येच थांबायचे. भारत उपांत्य फेरीतच नेपाळकडून पेनल्टीवर हरला होता, म्हणून मुली सुरुवातीला नाराज होत्या. कुणाच्या बाजूने ओरडायचे यावर वाद झाला. मी रूपनाबद्दल सांगितले, तिचे गाव, तिचे घर, बुडालेली जमीन. सातवीतल्या एकीने विचारले, “म्हणजे ती आपल्यातली आहे का?” मी हो म्हणाले. मग ती म्हणाली, “तिला विहारासमोर खेळू देतात का?”

येत्या रविवारी वंदनेनंतर समितीची बैठक आहे. मी लेखी अर्ज दिला आहे. सोमवार ते शनिवार संध्याकाळी पाच ते साडेसहा मैदान मुलींसाठी राखून ठेवावे, कपड्यांवर अट नको, आणि यंदाच्या वर्षावास समाप्तीला चितगावच्या डोंगरातील उपासक-भिक्खूंसाठी जाहीर ठराव घ्यावा, असे त्यात मांडले आहे. अर्जावर अकरा आयांच्या सह्या आहेत. बापांच्या तीन. काकांनी अर्ज ठेवून घेतला आहे, वाचतो म्हणाले.